रेसवरून पाय उचलल्यावर

प्रवासवर्णन लिहायचा मला अधिकार नाही, हे आधीच सांगतो. लोक हिमालयात जाऊन येतात आणि मग लिहितात. मी लातूरला गेलो आणि परत आलो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, त्यामुळे लिहिताना कुठे चुकलो हे सांगणारं घरी कोणी नाही. मोठेपणा करतोय असं वाटलं तर माफ करा.

शेषेरावमामांसाठी जुनी इलेक्ट्रिक गाडी बघायला आम्ही निघालो होतो. मामांनी उभी हयात हदगाव–नांदेड रस्त्यावर जीप चालवली. गेल्या वर्षी जॅक सरकला आणि जीप त्यांच्या उजव्या पायावर आली. हाड जुळलं, पण घोटा आखडला आणि पाऊल मधूनमधून बधिर व्हायला लागलं. डॉक्टर म्हणाले, गाडी चालवा, पण घडीघडी ब्रेक दाबणं या पायाला झेपणार नाही. जीप विकली. मामा ओट्यावर बसून रस्त्यावरच्या गाड्यांचे आवाज ऐकत राहायचे. मग कुणीतरी सांगितलं की इलेक्ट्रिक गाडीत रेसवरून (वेग वाढवायच्या पॅडलवरून) पाय उचलला की गाडी आपोआप आवरते, ब्रेक फारसा लागत नाही.

नांदेडहून सकाळची एसटी धरली. लोहा मागे पडलं आणि दोन्ही बाजूंनी माळ सुरू झाला. सोयाबीन निघून गेलं होतं, तूर पिवळी फुलली होती. अहमदपूरच्या स्टँडवर सीताफळांच्या टोपल्या होत्या. मामा ड्रायव्हरच्या मागेच बसले होते. त्याने ब्रेक मारला की मामांचा उजवा पायही खाली दाबला जायचा. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

लातूरला गाडीचे मालक एक निवृत्त गुरुजी होते. मुलगा त्यांना पुण्याला नेणार होता, म्हणून गाडी विकायची. गुरुजींच्या पत्नीने, म्हणजे बाईंनी, आधी सुशीला (चुरमुरे भिजवून केलेला पोह्यांसारखा पदार्थ) खायला घातली, मग चावी दिली.

औशाच्या रस्त्यावर मामांनी पाय उचलला. मागून कुणी हळूच धरावं तशी गाडी आवरली.

"बग रे भाच्या! नुसता पाय उचलला म्या!"

पुन्हा रेस दिली, पुन्हा उचलला. लहान पोरासारखं चाललं होतं. मागच्या सीटवरून गुरुजी म्हणाले, "शेषेराव, परत फिरा आता. न्हाईतर कर्नाटकात जेवायला जाल."

सौदा झाला. गुरुजींनी रात्री मुक्कामाला ठेवून घेतलं. "गाडीचं नवं अपडेट आलंय, ते घालतो. आन् चार्जिंग बी शंभर टक्के करून देतो. एरवी मी ऐंशीच्या वर न्हाई भरत. पण लेकीला अर्ध्यापोटी सासरी धाडतेत का?" सकाळी बाईंनी बॉनेटला कुंकू लावलं.

लातूर सोडलं. शहरात मामा बेतानेच, ब्रेक दाबत निघाले. मग रस्ता मोकळा झाला आणि वेग वाढला. चाकूरच्या अलीकडे उतार होता, आणि उताराखाली बकऱ्यांचा कळप रस्ता ओलांडत होता. मामांनी पाय उचलला असावा. गाडी आवरलीच नाही, तशीच घरंगळत निघाली. ब्रेकवर पाय पडायला उशीर झाला. मामांनी स्टिअरिंग वळवलं आणि आम्ही तुरीत शिरलो.

बकऱ्या राखणारी म्हातारी काठी उगारत आली. "डोळे फुटले का रं? आवाज न्हाई, काय न्हाई, भुतावानी येतेत!" मग तिने मामांचा चेहरा बघितला आणि काठी खाली घेतली. "पानी पी, भाऊ. समद्या हायत माज्या. काय न्हाई झालं."

मामा पाणी प्यायले आणि त्यांनी गुरुजींना फोन लावला. "काल धरत व्हती, आज धरून न्हाई राहिली. अपडेटच्या नावाखाली काय केलंत तुमी? लंगड्याला फसवलं, गुरुजी."

पलीकडून आवाज आला, "शेषेराव, माझ्या हातात तिनं असं कधीच केलं न्हाई हो..." मामांनी फोन कापला.

पुढे आम्ही बैलगाडीच्या चालीने निघालो. चाकूरला चहा घेतला, मामांनी अर्धा टाकला. अहमदपूर जवळ आलं तशी गाडी पाय उचलल्यावर थोडी थोडी धरू लागली. लोह्यापर्यंत कालच्यासारखी. मला आनंद झाला, तसं मी म्हणालो.

"कधी धरती, कधी सोडती," मामा म्हणाले. "असल्या मान्सावर तरी भरवसा ठिवतो का आपुन?"

नांदेडच्या सर्व्हिस सेंटरमध्ये एका मेकॅनिक ताईंनी गाडी चालवून बघितली. "मला काही सापडत नाही, दादा," त्या म्हणाल्या. "उगं काहीतरी सांगनार नाही. कंपनीत विचारते, नंबर देऊन ठेवा."

हदगावला पोचल्यावर मामांनी गाडीवर ताडपत्री टाकली आणि चावी खिळ्याला अडकवली. मी होस्टेलवर परतलो. एवढाच प्रवास. बघण्यासारखं म्हणावं तर मी मामांचा पायच बघत गेलो आणि बघत आलो, आणि तरी मला काही कळलं नव्हतं.

दिवाळी होऊन गेल्यावर त्या ताईंचा फोन आला. "तुम्ही निघाला तेव्हा बॅटरी फुल होती का?"

मी हो म्हणालो. मग त्यांनी समजावलं: पाय उचलल्यावर गाडी आवरते ती वेगाची वीज करून, आणि ती वीज बॅटरीत जाते. बॅटरी काठोकाठ भरली असेल तर वीज ठेवायला जागा नसते, म्हणून गाडी आवरत नाही. थोडी रिकामी झाली की पुन्हा धरते. अपडेटने ब्रेकला काहीच केलं नव्हतं. "थोडी कमी भरत जा," त्या म्हणाल्या. "आणि भरलेली असली तर सावकाश, ब्रेकवर चालवायची."

मी लगेच मामांना फोन करून हे सांगितलं.

"म्हंजी पाय न्हाई?"

"काय, मामा?"

"मला वाटलं, पायच मेला माझा. रेसवरून उचललाच न्हाई त्यानं, आन् मला उमगलं बी न्हाई. इतके दिस तेच वाटून राहिलं व्हतं. नाव गाडीचं घेत व्हतो, गुरुजीचं घेत व्हतो." मग म्हणाले, "त्यांचा नंबर पाठव मला. आधी त्यांच्याशी बोलतो."

फोन ठेवायचं ते विसरले. पलीकडे ताडपत्री ओढल्याचा आवाज मी ऐकत राहिलो.