उषाताईंच्या दारातला शनी

उषाताईंच्या यजमानांचा, अरविंदरावांचा, फोन आला तेव्हा मी इडलीचं पीठ वाटत होते. मिक्सरच्या घरघरीत आधी काही ऐकूच येईना म्हणून तो बंद केला, आणि जे ऐकलं त्यानंतर तो पुन्हा चालू करायचं सुचलं नाही. "उषा गेली," ते म्हणाले. "सकाळी चहा घेतला, पेपर वाचला, मला म्हणाली जरा पडते... आणि गेली." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, सरळ, काटकसरीचा. ते पुण्यात, मी दुबईत, एका टॉवरच्या नवव्या मजल्यावर. खिडकीबाहेर दुपारचं पांढरंफटक आकाश होतं. या आकाशात रात्री काहीतरी बघण्यासारखं असतं हे मला ज्या बाईने शिकवलं, ती आता नव्हती. मी खुर्चीत बसून राहिले आणि मोठ्याने रडले. याला आता काही आठवडे झाले. रडू आटलंय, आता आठवतंय ते लिहून ठेवावंसं वाटतंय.

उषाताई आणि आम्ही शेजारी होतो ते अल ऐनला, नव्वदच्या दशकात. अल ऐन तेव्हाही निवांत गाव होतं. दुबईहून कुणी आलं की विचारायचं, इथे तुम्ही दिवसभर करता तरी काय? खजुराच्या बागा, लांब सरळ रस्ते, आणि एका बाजूला जबल हफीतचा डोंगर. आमचं कम्पाउंड म्हणजे एका भिंतीच्या आत बसवलेले बैठे व्हिला. त्यात इंग्रज, लेबनीज, इजिप्शियन, दक्षिण आफ्रिकन आणि आम्ही दोन मराठी घरं. उषाताई एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होत्या, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या. दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा लावून लोकांचं रक्त बघायच्या. "त्यात बघून बरं वाटावं असं फार थोडं असतं," म्हणायच्या, "म्हणून संध्याकाळी दुसरीकडे बघते." ती दुर्बीण त्यांना देश सोडून जाणाऱ्या एका स्कॉटिश जोडप्याने दिली होती. आमच्याकडे ही रीतच होती. कुणाचा व्हिसा संपला की त्याचा सोफा एकाकडे जायचा, झाडं दुसऱ्याकडे. उषाताईंच्या वाट्याला आकाश आलं.

हॅलोविनशी त्यांचा संबंध आला तो केवळ फजितीमुळे. पहिल्या वर्षी संध्याकाळी बेल वाजली, दार उघडलं तर समोर भुतं, चेटकिणी आणि एक चाच्यांचा सरदार पिशव्या पसरून उभे. हा काय प्रकार, कुणालाच माहीत नव्हतं. पण मुलं दारात येऊन काहीतरी मागतायत आणि घरात दिवाळीचा फराळ तयार आहे, म्हटल्यावर उषाताईंनी प्रत्येकाच्या पिशवीत दोन-दोन चकल्या आणि मूठभर शंकरपाळी सोडली. दुसऱ्या दिवशी एक इंग्रज आई फार संकोचाने आली आणि म्हणाली, चव छानच आहे, पण मुलांना आम्ही सांगितलंय की फक्त रॅपरमधलं घ्यायचं. उषाताईंना राग आला नाही. त्या अरविंदरावांना म्हणाल्या, "ठीक आहे. पुढच्या वर्षी जे कशात गुंडाळताच येणार नाही असं काहीतरी देते."

पुढच्या वर्षीपासून ऑक्टोबर संपताना त्यांच्या दारात दुर्बीण लागायला लागली. बाहेरचा दिवा बंद. खाली दुधाच्या बाटल्यांचा उलटा केलेला क्रेट, म्हणजे बुटक्या भुतांनाही डोळा लावता यावा. मास्क काढायचा, एक डोळा तळहाताने झाकायचा, घाई करायची नाही. बघून झाल्यावर काय दिसलं ते सांगायचं आणि मगच टॉफी. उत्तर चूक असं काही नसायचं. कुणाला कडं असलेलं लिंबू दिसायचं, कुणाला डोळा. एका पोराने तर दुर्बिणीच्या पुढे जाऊन काचेवर कुणी स्टिकर चिकटवलाय का ते तपासलं होतं. उषाताईंना तो फार आवडला. म्हणाल्या, हा लॅबमध्ये चालेल. त्या वर्षांत त्या वेळी संध्याकाळी पूर्वेला शनी वर यायचा, आणि एकदा शनीची कडी बघितल्यावर मुलांना दुसरं काही नको असायचं.

याच शनीने आमच्या घरात मात्र घबराट उडवून दिली होती. एका वर्षी माझ्या नवऱ्याची, शिरीषची, नोकरी गेली. तो एअर कंडिशनिंगमधला इंजिनिअर. कंपनीने अल ऐनचं ऑफिसच बंद केलं. तिथे नोकरी गेली म्हणजे नुसता पगार जात नाही. व्हिसा जातो, घर जातं, मुलीची शाळा जाते, आणि महिनाभरात गाशा गुंडाळावा लागतो. शिरीष सगळीकडे फोन करून थकला होता. मग त्याने फोनही सोडले. खिडक्यांचे पडदे ओढून आत बसायचा. कम्पाउंडमध्ये कुणी विचारलं तर काय सांगायचं, म्हणून संध्याकाळचं चालणंसुद्धा बंद केलं. मला पैशांची काळजी होती, पण त्यापेक्षा जास्त काळजी त्या पडद्यांची होती. हा माणूस पुन्हा बाहेर येईल की नाही, तेच कळेना.

माझ्या सासूबाई तेव्हा व्हिजिटवर आमच्याकडे आल्या होत्या. त्यांच्या दृष्टीने सगळं स्वच्छ होतं. शिरीषची रास मेष, साडेसाती चालू, त्यातही मधला काळ. अल ऐनमध्ये मारुतीचं देऊळ कुठून आणणार, म्हणून त्यांनी स्वयंपाकघरात मारुतीचा फोटो मांडला होता आणि दर शनिवारी वाटीभर तेल त्याच्यापुढे ठेवायच्या. पोथी वाचायच्या. शनीचं नाव तोंडाने घ्यायच्या नाहीत, 'ते' म्हणायच्या. आणि नेमकं त्याच वर्षी माझ्या सात वर्षांच्या गार्गीने हॅलोविनला शनी व्हायचं ठरवलं. उषाताईंच्या घरी बसून दोघींनी फ्रिजच्या खोक्याचं मोठं कडं कापलं, त्याला चांदीसारखा फॉइल लावला. पिवळा टी-शर्ट घालून, कमरेभोवती ते कडं अडकवून गार्गी आमच्या हॉलमध्ये गिरकी घेत आली, आणि आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, कपाळाला हात लावला.

त्यांचं म्हणणं साधं होतं. ज्याच्या वक्रदृष्टीने घर हवालदिल झालंय, त्याचं सोंग घेऊन पोर दारोदार मागत फिरणार, आणि वर शेजारीण नळी लावून त्याच्याच डोळ्याला डोळा भिडवायला लावणार. याला काही अर्थ आहे का? गार्गी म्हणाली, "आजी, आय ॲम नॉट स्केअर्ड ऑफ हिम. आय ॲम हिम." त्यावर आई रडायलाच लागल्या. त्यांना रडताना बघून गार्गी रडली. शिरीष आतल्या खोलीतून म्हणाला, नका जाऊ कुणीच, खलास. मी स्वयंपाकघरात उभी, हातात पोळीची कणीक, आणि काय करावं ते सुचेना. कडं भिंतीला टेकवून ठेवलं. आमच्या घराचं जे काही मोडायचं राहिलं होतं ते त्या पुठ्ठ्याच्या कड्यावरून मोडणार, असं मला वाटायला लागलं.

मी फोन केला आणि उषाताई आल्या. मला वाटलं होतं आता त्या आईंना विज्ञान समजावणार. तसं झालं असतं तर आई आणखी हट्टाला पेटल्या असत्या. पण त्या आईंच्या शेजारी खाली बसल्या. किती वर्षं शनिवार करताय, तेल कुठलं वापरता, गुडघे कसे आहेत, असं विचारत राहिल्या. आई सांगत गेल्या. लग्न झाल्यापासून एकही शनिवार चुकवला नव्हता त्यांनी. ते सगळं ऐकून घेतल्यावर उषाताई म्हणाल्या, "आई, इतकी वर्षं तुम्ही त्याला तेल घालताय. एकदा भेटून तरी घ्या की."

अंधार पडल्यावर आई उठल्या, चेहरा धुतला, नेसूचं लुगडं बदललं आणि दारापाशी येऊन उभ्या राहिल्या. गुडघ्यांमुळे त्यांना एकटीने पायरी उतरता यायची नाही. मी गार्गीचं कडं बांधत होते. म्हणून शिरीषला उठावं लागलं. कित्येक दिवसांनी तो दाराबाहेर पडला तो असा, आईचं कोपर धरून.

उषाताईंच्या दारात रांग लागली होती. कुणीतरी आजींना पुढे जाऊ दिलं. दुर्बिणीपाशी आल्यावर आई थांबल्या, वाकल्या आणि पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या. मग पदर डोक्यावर घेऊन डोळा लावला. मागे लेबनीज समीरचा मुलगा करीम चाच्यांच्या वेशात उभा होता. त्याने ते पाहिलं, आणि गुपचूप स्वतःचे बूट काढले. त्याच्या मागच्या चेटकिणीने काढले. बघता बघता रांगेतली सगळी पोरं अनवाणी झाली. दुर्बिणीतून बघायचं तर हे करावंच लागत असणार, असं त्यांना वाटलं. उषाताईंनी ते पाहिलं आणि कुणालाही थांबवलं नाही.

आई पुष्कळ वेळ बघत होत्या. मला त्यांचा फक्त हात दिसत होता, दुसऱ्या डोळ्यावर धरलेला. मग त्या बाजूला झाल्या आणि उषाताईंना म्हणाल्या, "अगं, हा तर कुणाकडेच बघत नाही."

एवढंच म्हणाल्या. पण त्यांच्या आवाजातली भीती गेली होती, आणि तिथे थोडी माया आली होती. केवढा लांब, केवढा एकटा आहे, असं काहीसं त्या पुटपुटल्या. गार्गीने त्यांचा हात धरला. कड्यामुळे तिला जवळ जाता येईना, म्हणून आईच कड्यावरून पुढे वाकल्या.

शिरीष परत घराकडे वळला होता. उषाताईंनी त्याला हाक मारली. "शिरीष, जरा इथे उभा राहा रे. हा शनी दुर्बिणीत सारखा सरकतो. दोन पोरं बघेपर्यंत निसटून जातो, आणि मला टॉफ्या वाटायच्यात. तू तेवढा मध्ये आणून ठेव." खरं तर ते काम त्या एकट्या वर्षानुवर्षं करत होत्या. शिरीष म्हणाला, मला नाही जमणार. त्या म्हणाल्या, एसीचे चिलर प्लांट चालवतोस ना, मग हे एक बटण फिरव. तो उभा राहिला. आधी खांदे पाडून, मग हळूहळू मुलांशी बोलत. कोणता डोळा, कुठे बघायचं, आता दिसला का. शेवटचं भूत बघून जाईपर्यंत तो तिथे होता. मुलांबरोबर आलेल्या आईबापांनी त्याला हाय केलं, त्याने त्यांना केलं. मी त्या अंधारात पलीकडे उभी राहून त्याला हसताना ऐकलं. उषाताईंचे आभार मानायचे तर मी त्या एका आवाजासाठी मानेन, बाकी सगळं जाऊ द्या.

करीमला घ्यायला समीर आला होता. त्याने सहज विचारलं, हबीबी, तू काय करतोस? आणि शिरीषने, इतके दिवस लपवलेलं, सरळ सांगून टाकलं की सध्या काही नाही, नोकरी गेली. समीरच्या मेव्हण्याचं दुबईत अल क्वोजला शीतगृह होतं. यल्ला, चल, उद्या फोन कर, म्हणाला. काम आधीच्यापेक्षा खालचं होतं, पगारही कमी, आणि सुरुवातीचे कित्येक महिने शिरीष अल ऐनहून रोज गाडी हाकत जायचा. पण मुदत संपायच्या आत व्हिसा लागला. आईंनी श्रेय कुणाला दिलं ते सांगायला नकोच. भेटायला गेलो म्हणून प्रसन्न झाले, असं त्यांनी उषाताईंना ठणकावून सांगितलं. मला वाटलं आता तरी त्या वाद घालतील. "असेल," त्या म्हणाल्या. "श्रेय कुणी का घेईना, पोरीची शाळा वाचली ना." आई पुढेही शनिवार करत राहिल्या, पण पोथी वाचताना आता घाबरायच्या नाहीत.

बूट काढायची रीत त्या कम्पाउंडमध्ये पक्की झाली. नवी कुटुंबं यायची, जुनी जायची. नव्या मुलांना जुनी मुलं सांगायची, शूज ऑफ, आणि का ते कुणालाच माहीत नसायचं. आम्ही पुढे दुबईला आलो, तरी त्या संध्याकाळी गार्गीला घेऊन दरवर्षी अल ऐनला जायचो. उषाताई निवृत्त होऊन पुण्याला गेल्या तेव्हा सोफा, झाडं, फ्रिज सगळं वाटून टाकलं. दुर्बीण मात्र बरोबर नेली. अरविंदराव म्हणाले होते, एवढं एक सोडून जाऊया. त्या म्हणाल्या, तुला सोडते हवं तर.

गेल्या आठवड्यात आम्ही पुण्याला अरविंदरावांना भेटायला गेलो. आई जाऊन आता बरीच वर्षं झाली, गार्गीला यायला जमलं नाही, म्हणून आम्ही दोघंच. चहा झाला. दिवेलागणीला बेल वाजली. दारात दोन चेटकिणी आणि एक सांगाडा. पुण्याच्या सोसायट्यांमध्येही आता हा सण आलाय. त्यातली मोठी मुलगी चाचरत म्हणाली, "आजोबा, आजी नाहीत ते माहितेय आम्हाला. पण दरवर्षी पार्किंगमध्ये त्या दुर्बीण लावायच्या... म्हणून विचारायला आलो." अरविंदरावांनी मान हलवली, ती होकाराची की नकाराची तेही कळेना. मुलं मागे सरकली.

शिरीष उठला. गॅलरीत गेला आणि दुर्बीण तिच्या तिपाईसकट खांद्यावर घेऊन बाहेर आला. अरविंदराव म्हणाले, "अरे, राहू दे. तू पाहुणा आलायस, तू कशाला..."

"पाहुणा कसला," शिरीष म्हणाला. "माझी नोकरी आहे ही. ताईंनी लावलेली."

आणि लिफ्टची वाट न बघता तो जिन्याने खाली गेला.