लाल ब्याऐंशी, हिरवा चौसष्ट

तारीख ९ फेब्रुवारी २०१४, रविवार. रक्कम सत्तर हजार रुपये. हजर तिघे: मी, माझी बायको आणि तिचा थोरला भाऊ. जागा जसोंडी गावची, त्याच्या केळीच्या बागेतलं शेततळं.

सत्तर हजार ही त्या तळ्यात अंथरलेल्या काळ्या प्लास्टिकची किंमत. आमच्या बुऱ्हाणपूरकडे तिला पन्नीच म्हणतात. पन्नीला भोक पडलं की पाणी जमिनीत जातं, आणि उन्हाळा तोंडावर असताना पाणी गेलं की केळी गेली. त्या तळ्यात मला माझी रिमोटवर चालणारी बोट सोडायची होती. तिच्या मागच्या पितळी पंख्याची पाती सुरीसारखी धारदार होती.

बोट मी स्वतः बांधली होती. बत्तीस इंच लांब, पातळ प्लायवूडची, वजन दोन किलो एकशे चाळीस ग्रॅम. अडीच वर्षांचे रविवार तिच्यात गेले. कचेरीत तेवीस वर्षं मी दुसऱ्यांचे आकडे जुळवले; हे पहिलंच काम असं, की ज्यातले सगळे आकडे माझे होते.

"दाजी," मेहुणा म्हणाला, "बोट तुमची, पण तळं माझं. एकदा जरी काठाला लागली ना, तर समजा खेळ खतम. बोट मी ठेवून घेईन आणि तिच्यात कोथिंबीर लावीन."

"लागणार नाही," मी म्हणालो.

बोटीचं सुकाणू फिरवतो तो सर्व्हो. काडेपेटीपेक्षा लहान डबी, तिला एक छोटा हात, हातातून सुकाणूपर्यंत एक तार. रिमोटची दांडी ढकलली की हात फिरतो. तो कोणत्या बाजूला फिरावा याचं एक बटण रिमोटवर असतं, आणि किती फिरावा हे दोन्ही बाजूंचं वेगवेगळं, टक्क्यांत ठरवता येतं. यालाच सर्व्होचा पल्ला म्हणतात. पल्ला कमी पडला तर बोट वळत नाही. जास्त झाला तर सुकाणू आत अडतं, सर्व्हो कुरकुरत राहतो आणि शेवटी त्याच्या आतल्या चाकांचे दाते तुटतात.

मेहुण्याने बोट काठाशी पाण्यात धरली, मागची बाजू स्वतःकडे. मी वर बांधावर रिमोट घेऊन. उन्हाच्या तिरपेमुळे मला सुकाणू दिसत नव्हतं, म्हणून ते कुठे वळतं ते त्याने ओरडून सांगायचं ठरलं.

मी दांडी डावीकडे ढकलली.

"उलटा!" तो ओरडला.

मी दिशेचं बटण बदललं आणि पुन्हा डावीकडे ढकलली.

"आता सीधा!"

मी समाधानाने मान हलवली. दोन्ही बाजूंचा पल्ला सत्तर-सत्तर टक्के भरला, कारण मला सारखे आकडे आवडतात, आणि बोट सोडली.

बोट सरळ निघाली, छान निघाली. उजवा काठ जवळ येऊ लागला तसा मी तिला डावीकडे वळवलं. ती उजवीकडे वळली. मी आणखी डावीकडे दिलं. ती आणखी उजवीकडे गेली.

"दाजी! पन्नी! पन्नी!"

मी मोटर बंद केली, पण दोन किलोचा वेग कुठे जागच्या जागी थांबतो? तेवढ्यात बायकोने केळीला टेकू द्यायचा बांबू उचलला आणि काठाशी पाण्यावर आडवा टाकला. बोट त्यावर आपटली. पन्नीपासून टोकापर्यंत अंतर एक वीत. मी नंतर मोजलं, आठ इंच.

मेहुण्याने वाकून तिथली पन्नी चाचपली. मग म्हणाला, "उचला दाजी. बस झालं."

मला त्या क्षणी बोटीपेक्षा माझ्या हिशेबाची लाज वाटली. घरी टेबलावर सगळं दहा वेळा तपासलं होतं.

बायकोने मात्र भावाला विचारलं, "भाऊ, तू उलटा म्हणजे काय म्हणाला होतास?"

"उलटा म्हणजे उलटा हात! डावा! सुकाणू डाव्या बाजूला गेलं, तर काय सांगू?"

"आणि सीधा?"

"सीधा हात. उजवा."

ती पन्नीवरच बसली आणि हसू लागली. मेहुण्याचा सगळा दिवस मंडीत हिंदी बोलण्यात जातो. त्याने हिंदीतले हात सांगितले. मी मराठीत ऐकलं: उलटा म्हणजे चुकलं, सीधा म्हणजे बरोबर. बरोबर असलेलं बटण मी त्याच्या सांगण्यावरून चुकवलं, आणि वर समाधानाने मानही हलवली.

"आणखी एकदाच, भाऊ," ती म्हणाली. "या वेळी मी धरते."

"तू म्हणतेस म्हणून," तो म्हणाला, पण बांबू त्याने स्वतःच्या हातात घेतला.

तिने पर्समधून टिकल्यांचं नवं पाकीट काढलं. बोटीच्या मागे डावीकडे लाल टिकली लावली, उजवीकडे हिरवी. मी दिशेचं बटण पूर्ववत केलं. मग दिशेसाठी फक्त दोनच शब्द.

"लाल. आणखी लाल. थांबा, कुरकुरलं."

कान तिने बोटीला लावला होता. मी दोन टक्के मागे आलो.

"गप्प झालं. आता हिरवा."

मग काठापासून दूर, तळ्याच्या मधोमध, मी घड्याळ लावून फेऱ्या मोजल्या. लाल बाजूची आणि हिरव्या बाजूची फेरी सारख्या वेळात यायला आकडे असमान भरावे लागले: लाल ब्याऐंशी, हिरवा चौसष्ट. पंखा एकाच दिशेने फिरतो, तो बोटीला थोडा एका अंगाला ओढतो, हे मला तेव्हा समजलं. दोन्ही फेऱ्या बारा-बारा सेकंदांच्या झाल्या. मग मी इंग्रजी आठचा आकडा काढला, सलग सहा वेळा. सहाव्या वेळी मेहुण्याने बांबू खाली ठेवला.

"दाजी, जरा द्या ना इकडे."

"आधी कोथिंबीर कुठे लावतोस ते सांग," बायको म्हणाली.

पुढे माझ्या वाचनात आलं की खऱ्या जहाजांवरही डावीकडे लाल आणि उजवीकडे हिरवा दिवा असतो. बायकोला ते माहीत नव्हतं. बरोबर येण्याची शक्यता निम्मी होती, हे मला कबूल आहे. पण पाहुण्यांना बोट दाखवताना मी तिच्या टिकल्यांची गोष्ट सांगतो, निम्म्याची सांगत नाही. टिकल्या अजून जागेवर आहेत. वर मी वॉर्निशचा हात दिला आहे.

त्या दिवशी निघताना तिने हात पुढे केला. पाकीट नवं होतं, माझ्या कामासाठी फोडलं होतं. सत्तर हजारांतला एक पैसाही कोणाला द्यावा लागला नाही. पाकिटाचे दहा रुपये मात्र मी तिथेच बांधावर बायकोला दिले.