नब्बोसाचं उघडं राहिलेलं खातं

कंपालातल्या एका औषधवाटप संस्थेत संगणकांची सगळी दारं नालवोगाबाईंच्या ताब्यात होती. सकाळी एकदा पासवर्ड दिला की पत्रं, हजेरी, गप्पांचं ॲप, सगळं एकदम उघडायचं. पासवर्ड विसरलेले डॉक्टरसुद्धा बाईंसमोर खाली मान घालून उभे राहत.

अशा या खमक्या बाई मेलेल्या मैत्रिणीला रोज सकाळी निरोप लिहीत. नब्बोसा बारा वर्षं शेजारच्याच टेबलावर बसली. तरी दोघी ॲपवरच बोलायच्या, भांडायच्या, साहेबांची टिंगल साहेबांना ऐकू जाऊ नये म्हणून. ती गेली, पण तिचं खातं बंद करायला बाईंचा हात धजावला नाही. "आज कॅन्टीनचे मटोके कच्चेच होते, केळी नीट उकडलीच नव्हती," त्या लिहीत. आणि शेवटी रोज एकच: "दुखणं मला का सांगितलं नाहीस गं?" उत्तराची आस काही केल्या सुटेना.

एका सोमवारी त्याखाली अक्षरं उमटली.

"मावशी, मी प्रॉसी. हे सगळं मला का दिसतंय?"

प्रॉसी नब्बोसाची भाची. गेल्या महिन्यात दुखवट्याच्या शेवटच्या विधीत तिच्या अंगावर झाडाच्या सालीचं वस्त्र घालून तिला आत्याची वारस केलं होतं. नब्बोसाची मुलं आता तिलाच आई म्हणत. आस्थापनेतले लुयिगा त्या विधीला पोटभर जेवून आले होते. मग प्रॉसी याच संस्थेत नोकरीला लागली तेव्हा त्यांनी तिला आत्याचाच ईमेल पत्ता देऊन टाकला.

"अहो, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?" बाई लुयिगांवर कडाडल्या.

"वारस आहे ना ती? नब्बोसाच्या जागी नब्बोसा. माझं चुकलं कुठे?"

पण चूक ॲपचीही होती. पासवर्ड दिल्यावर संगणक ओळखीची जी चिठ्ठी पुढे पाठवतो, तिच्यावरचा ईमेल पत्ता तेवढा ते वाचायचं. माणूस कोण, चिठ्ठी खरी का खोटी, काही बघायचं नाही. खात्री करायला बाईंनी साहेबांचा पत्ता घालून एक बनावट चिठ्ठी केली आणि पासवर्डशिवाय थेट साहेबांच्या खात्यात शिरल्या. समोर रुग्णांची नावं, त्यांचे आजार. दार बंद करणं भागच होतं. पण मग ज्याला माणूसच उरला नाही ते नब्बोसाचं खातंही बंद होणार, आणि नियमाप्रमाणे त्यातल्या गप्पा पुसल्या जाणार.

"उद्या करा ना, मावशी," बाईंनी हे कळवताच प्रॉसीनं लिहिलं. "तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला द्यायचंय. आत्याच्या नावानंच देते."

बाईंना फार मोह झाला. नब्बोसाच्या नावाखाली एक ओळ, एकच, त्यासाठी जीव तुटत होता. पण तेवढ्यासाठी लोकांची दुखणी उघड्यावर कशी ठेवायची? त्यांनी दुरुस्ती चढवली. गप्पांची जागा कोरी झाली, आणि बाई भर ऑफिसात हमसून रडल्या.

जिना उतरून प्रॉसी आली आणि शेजारच्या खुर्चीत बसली.

"मी विचारलं होतं आत्याला, मावशींना का सांगत नाहीस म्हणून."

"मग? काय म्हणाली?"

"म्हणाली, घरात सगळे माझ्याकडे बघून रडतात. माझ्याशी पूर्वीसारखं भांडणारं एक तरी माणूस राहू दे."