राजापूरचे फ्रेंच आणि आमचं पावणं

आमच्या पावण्यांइतका हट्टी माणूस घाटावर नाही आणि घाटाखाली कोकणातही नाही. पावणं म्हणजे माझ्या बायकोचे थोरले भाऊ. आम्ही तिघांनी मिळून शेवटचं काही केलं असेल तर ते एवढंच, की राजापुरात एका पडक्या भिंतीच्या सावलीला बसून भाकरी आणि खर्डा खाल्ला. बायकोनं बुक्कीनं कांदा फोडला, मला मोठी फोड दिली, भावाला त्याहून मोठी दिली. आणि पावणं तोंडात घास तसाच ठेवून भिंतीला हातोडी मारून कान लावून बसले. त्यानंतर महिन्याभरात ती गेली.

हातोडीचं सांगतो. पावण्यांचा जन्म शिरोलीच्या फौंड्रीत गेला. ओतून गार झालेला प्रत्येक लोखंडी नग हातोडीनं वाजवून बघायचा, हे त्यांचं काम. खणखणीत वाजला तर पास, बद्द वाजला तर आत चीर. रिटायर झाले, पण हातोडी काही खिशातून निघाली नाही. बाजारात कलिंगडं वाजवून बघायला गेले आणि एक फोडून बसले. माझा गुडघा दुखतोय म्हटलं तर त्यांचा हात आधी खिशाकडं गेला. मी पाय वर घेतला.

अशा माणसानं कुठल्याशा वाचनालयात एक जाडजूड पुस्तक वाचलं आणि आमच्या मागं फ्रेंच लागले. "दाजी, इंग्रजांची वखार महाराजांनी खणून काढली, हे शेंबडं पोरगंबी सांगतंय. पण त्याच राजापुरात फ्रेंचांचीबी वखार होती, महाराजांच्या परवानगीनं! तिचं कोण नाव काढतंय का?" मी चौथीत शाळा सोडली आणि पुढं टेंपो चालवला. म्हटलं, "पावणं, खुद्द फ्रेंच तिचं नाव काढत न्हाईत, तुमाला कशाला घोर?" पण ऐकतो कोण! दर महिन्याला अणुस्कुरा घाट उतरायचा. गाडी माझी, डबा बायकोचा, फ्रेंच त्यांचे. दिसेल ती जुनी भिंत ते वाजवायचे. आता कोकणातला जांभा म्हणजे भोकाभोकांचा दगड, तो कधी लोखंडासारखा वाजतोय व्हय? भाकरी थापल्यासारखा धप्प आवाज यायचा. तरी पावणं डोळे मिटून निकाल द्यायचे, "बद्द हाय. ही इंग्रजांची."

एकदा मात्र नदीकाठच्या एका भिंतीपाशी त्यांचं तोंड खुललं. "फ्रेंच! शंभर टक्के फ्रेंच!" टेप लावली, लांबी-रुंदी वहीत उतरवली, भिंतीला हात जोडले. तेवढ्यात आतून एक म्हातारी आली. पावण्यांनी तिला उन्हात उभं करून अर्धा तास फ्रेंच सांगितले. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "असतील बाबा. पण हा गोठा आमच्या मामंजींनी बांधला. माती मीच वाहिली."

घाट चढून येईपर्यंत मी हसत होतो. पावणं म्हणाले, "गोठा नवा असंल. दगड फ्रेंच हाय!" मागच्या सीटवरून बायको म्हणाली, "व्हय दादा, दगड जुनाच वाटतोय."

घरी आल्यावर मी तिला म्हटलं, "तू कशाला मान डोलावतीस? तुला काय कळतंय त्यातलं?"

"काय बी न्हाय कळत. पण वहिनी गेल्यापासनं दादाला घरात बोलाय कोण हाय? त्यानं बोलायचं, आपण हूं म्हणायचं. तुमाला तेवढंबी जड जातंय!"

ती गेल्यावर पावण्यांचं येणं थांबलं. आम्हाला मूलबाळ नाही. बहीणच नाही म्हटल्यावर मेव्हणा कुणाकडं येणार? आणि ते आले नाहीत तर माझ्या दारात दुसरं कोण येणार?

भाऊबीजेला आले. दरवर्षीसारखी साडी आणली होती. तिच्या फोटोपुढं ठेवली आणि खुर्चीत बसून राहिले. मी चहा केला, साखर विसरलो, त्यांनी तसाच प्यायला. मी कप उचलले. म्हटलं, "मग पावणं, फ्रेंच काय म्हणत्यात?"

"ऱ्हाऊ द्या दाजी. ऐकणारी गेली." उठताना त्यांनी खिशातून हातोडी काढून टेबलावर ठेवली. "तुमच्याकडंच असू द्या. मला काय करायची आता?"

बायको गेली तेव्हा मी रडलो होतो. त्या हातोडीकडं बघून मात्र घाबरलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून भाकरी थापल्या. गोल एकही झाली नाही. डबा मागच्या सीटवर ठेवला, हातोडी खिशात घातली आणि पावण्यांच्या दारात जाऊन हॉर्न दाबून धरला. ते बनियनवरच बाहेर आले.

"काय वो दाजी, काय झालं?"

"शर्ट घाला आन् बसा. राजापुरात एक भिंत तपासायची ऱ्हायली."

"कुठली?"

"मला काय इचारताय? फ्रेंच तुमचं."

त्यांनी मागच्या सीटकडं बघितलं. डब्याकडं बघितलं. मग शर्ट घालून माझ्या शेजारी बसले. मी हातोडी त्यांच्या मांडीवर ठेवली. घाट लागला. पहिल्या वळणाला त्यांनी घसा खाकरला.

"दाजी, इंग्रजांच्या वखारीचं समद्यांनाच ठावं हाय..."

मी म्हटलं, "हूं."