फलाटावरचे कोंब
ओल्या गोणपाटाचा वास आला की मला बीदर स्टेशनचा उघडा फलाट आठवतो. त्या वर्षी मुंबई बंदरातली गोदामं भरली होती, म्हणून मालाचे डबे येत नव्हते, आणि आमचा गाडीवान पोती उतरवून गावी परतला होता. माझे वडील अप्पा आणि मी वर्षभराच्या भुईमुगापाशी अडकून पडलो. त्यातच अवकाळी पाऊस झाला आणि गोणपाटातून हिरवे कोंब डोकावू लागले. हमाल हसला, "अप्पा, तुमी हितंच पेरायलाव व्हय?" अप्पा एकेक कोंब खुडत म्हणाले, "मोड आल्याला माल बंदरात कोन घेतंय? माघारी न्यावं तर गाडी न्हाई." काल कॉलेजात सर म्हणाले, बंदरालगत गोदामं वाढली की मागचा मुलूख सुधारतो. गोदामं भरल्यावर त्या मुलखानं काय करायचं, हे मला विचारायचं होतं; पण प्रश्नासाठी वर करायला घेतलेला हात अर्ध्यावरच राहिला.