सातबाऱ्यावरची विहीर

लोकांचे असले गूढ अनुभव मी आजवर चहासोबत, हसत हसत वाचत आले. गंगापूर रोडला एका डोळ्यांच्या दवाखान्यात मी टेक्निशियन आहे. मशीनवर दिसतं ते खरं, इतका साधा मामला. त्यामुळे हे लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतंय... तरी लिहिते.

कळवणजवळ आमची सामाईक जमीन आहे. चुलतभाऊ रामदादा ती कसतो. उन्हाळ्यात कांद्याला पाणी पुरत नाही, म्हणून त्याने सरकारी योजनेतून विहिरीसाठी अर्ज केला. तो नामंजूर झाला — कारण ऑनलाइन सातबाऱ्यावर आमच्या शेतात आधीच एक विहीर होती. प्रत्यक्षात तिथे साधा खड्डासुद्धा नाही. नोंदी कॉम्प्युटरवर चढवताना दुसऱ्या कुणाची विहीर आमच्या नावावर आली असणार, असं सगळे म्हणाले. दादा वैतागून शेत सोडायच्या, सातपूरला कंपनीत लागायच्या गोष्टी करायला लागला होता. शेवटी मीच तहसीलला दुरुस्तीचा अर्ज दिला.

पंचनाम्याला तलाठी मॅडम आल्या. तरुण, कामाला चोख. सोबत मी, दादा आणि त्याची आई, म्हणजे माझी मंदाकाकू. भर दुपार. लाईट गेलेली, त्यामुळे शिवारात एकही मोटर चालू नव्हती. अख्खं शेत फिरून झालं. मॅडम बांधावर बसून लिहायला लागल्या, आणि ऐकू आलं...

रहाटाची कुरकुर. मग पोहरा पाण्यावर आपटल्याचा आवाज. अगदी जवळून, कडुनिंबाच्या अलीकडच्या मोकळ्या जमिनीतून. थोडं थांबून पुन्हा तेच.

कुणीच घाबरलं नाही, याचं मला आजही नवल वाटतं. दादा नुसता उभा राहिला. मॅडमचं पेन थांबलं. काकू सहज म्हणाली, "पाणी शेंदतंय कुनीतरी. शेंदू द्या."

मॅडमनी हे लिहिलं तर दादाचं काम अडणार, हे आम्हाला कळत होतं. मग त्या मला म्हणाल्या, "ताई, विहीर दिसली नाही, एवढंच मी लिहू शकते. ऐकू आलेल्याला रकाना नाही."

सातबाऱ्यावरून ती नोंद काढली गेली, विहीर मंजूर झाली. कुठे खोदायची, ते दादाने कुणालाही विचारलं नाही; सरळ कडुनिंबाच्या अलीकडे खूण केली. जुना दगड, वीट, काहीतरी निघेल म्हणून मी मुद्दाम रजा काढून गेले होते. माती निघाली, मग मुरूम, मग खडक — कधी कुणी हात न लावलेला. म्हणजे तिथे विहीर कधीच नव्हती. पाणी मात्र चांगलं लागलं. दादा गावातच राहिला.

मॅडमची पुढे बदली झाली. मध्यंतरी त्यांचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं, पाणी कुठे लागलं? मी सांगितलं.

मग म्हणाल्या, "मी घरी कुणालाच सांगितलं नाही. तुम्ही काय सांगता?"

"ऐकलं, एवढंच सांगते," मी म्हटलं. "कोण शेंदत होतं, ते मला माहीत नाही."