भूकंपाआधीचं फंक्शन

माझ्या मेहुण्याने मला फसवलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या घरात हीच गोष्ट उलटी सांगितली जाते आणि सांगणारी माझी बायको असते, म्हणजे त्याची सख्खी बहीण.

लातूरला कोचिंग क्लासेसचं पीक आलं तेव्हा माझ्याकडे माल तयार होता. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, काट्याजवळ बसून वजनं लिहिता लिहिता मी कॉम्प्युटर शिकलो होतो आणि प्रोग्रामला लागणारे लहान लहान तयार तुकडे, म्हणजे फंक्शनं, लिहून ठेवली होती. मार्कांची बेरीज करणारं, हजेरी मोजणारं, आणि सगळ्यांत भारी म्हणजे गुणवत्ता यादी लावणारं. दोन पोरं तिसरी आली तर पुढचं पोरगं पाचवं. बोलायला सोपं आहे, पण कॉम्प्युटरला हे पटवायला मला अख्खा उन्हाळा लागला. अशा तुकड्यांच्या गठ्ठ्याला लायब्ररी म्हणतात. दुसरे प्रोग्रामवाले ती घेतात आणि आपल्या कामाला जोडतात.

मेहुणा नांदेडचा. विष्णुपुरीला इंजिनिअरिंग केलेला. लायब्ररीची चौथी आवृत्ती निघायच्या वेळी मी त्याला भागीदार करून घेतलं आणि बायकोला बरं वाटावं म्हणून माहितीपुस्तकाच्या पहिल्या पानावर लिहिलं, 'चौथ्या आवृत्तीतली नवी भर' आणि पुढे मेहुण्याचं नाव. त्याने आल्या आल्या ते पुस्तक वाचलं आणि नाक मुरडलं. त्याचं म्हणणं, प्रत्येक फंक्शनसमोर ते कोणत्या आवृत्तीपासून आहे याची खूण पाहिजे. ज्याच्याकडे दुसरी आवृत्ती आहे त्याला कळायला नको का, की यातलं आपल्याकडे काय आहे आणि काय नाही? मी म्हटलं, खुणा आहेत की. होत्याच. प्रत्येक फंक्शनसमोर मी माझ्या हाताने लिहिलं होतं, 'भूकंपाआधी' किंवा 'भूकंपानंतर'.

यात हसण्यासारखं काही नाही. भूकंपाच्या त्या पहाटेनंतर आमच्या भागात साल कुणी विचारत नाही. लग्न कधी झालं, बोअर कधी घेतली, चुलता कधी वेगळा निघाला, सगळ्याला हीच खूण. पहिली आवृत्ती आधीची, दुसरी आणि तिसरी नंतरची. लातूरच्या माणसाला एवढं पुरतं.

"दाजी, पुण्याच्या माणसानं काय करायचं?" मेहुणा म्हणाला.

मी म्हटलं, त्याने विचारावं.

मग त्याने तपासणीचा एक प्रोग्राम लिहायला घेतला. तो पुस्तक उघडणार, एकामागून एक फंक्शन बघणार आणि जिथे आवृत्तीचा आकडा नसेल त्या फंक्शनचं नाव छापणार. पुढचं माणसाने बघायचं. इथे मी सौद्याला बसलो. नुसती चूक दाखवणारा प्रोग्राम म्हणजे काम सोडून बोट दाखवणारा गडी. दाखवतोस तर आकडाही भरून दे, म्हटलं. तो नको म्हणाला. मी उठून गेलो. परत आलो, चहा नाकारला, पुन्हा उठलो. तिसऱ्यांदा उठलो तेव्हा बायको त्याला म्हणाली, दे बाबा एकदाचं, घरात शांतता राहील. त्याने दिलं. वरचं काम फुकटात काढलं या आनंदात मी त्या दिवशी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

प्रोग्राम चालवला. मी चष्मा पुसेपर्यंत काम संपलं आणि पडद्यावर आलं, चुका शून्य. शून्य चुकांचं पुस्तक पुन्हा कशाला वाचायचं? मी ते तसंच छापायला दिलं.

पुढे लातूरच्याच एका मोठ्या क्लासवाल्याने ठरवलं, की आपल्या याद्या ज्या फंक्शनवर लागतात ते लिहिणाऱ्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा. मी नवा सफारी शिवला आणि पहिल्या रांगेत बसलो. सूत्रसंचालकाने आमचंच पुस्तक उघडून माइकवर वाचलं, "गुणवत्ता यादी, आवृत्ती चारपासून." मग पहिलं पान वाचलं. मग मेहुण्याचं नाव घेतलं. मी तोवर अर्धा उठलो होतो. मागून कुणीतरी म्हणालं, "काका, बसा की, दिसना गेलंय." माझ्या डोळ्यांदेखत शाल त्याच्या खांद्यावर पडली.

घरी येऊन मी पुस्तक पानोपान वाचलं. सगळं 'आवृत्ती चारपासून'. भूकंपाआधीची गुणवत्ता यादीसुद्धा, बेरीजसुद्धा. प्रोग्रामला भूकंप कळला नव्हता. आकडा दिसला नाही की खूणच नाही असं धरून त्याने माझं लिहिलेलं पुसलं आणि चालू आवृत्ती ठोकली. मग स्वतःच पुन्हा तपासून स्वतःला शंभर मार्क दिले. नांदेडच्या एका क्लासकडे दुसरी आवृत्ती होती. नवं पुस्तक वाचून त्यांचा समज झाला, की यादीचं फंक्शन आपल्याकडे नाहीच. त्यांचे मास्तर व्हरांड्यात चिठ्ठ्या मांडून, वर खडे ठेवून क्रमांक लावत होते आणि फंक्शन आत कॉम्प्युटरमध्ये बसून होतं.

मी मेहुण्याला समोर बसवलं. तो म्हणाला, "भरून दे म्हणून तुम्हीच तर तीनदा उठून गेले. मी नकोच म्हणलो होतो."

"भर म्हटलं होतं. खोटं भर कधी म्हटलं?"

"त्याला भूकंप काय ठाऊक, दाजी? तो आकडेच हुडकायलाय."

"तुला ठाऊक होता ना? आणि शाल घेताना तर प्रोग्राम नव्हता, तूच होतास."

तो म्हणाला, "लई लोक होते. माइकवर कसं बोलायचं?"

आता तो म्हणतो, पाचव्या आवृत्तीत दुरुस्त करू. करेलही. पण मला छापील दुरुस्ती नको. त्याच हॉलमध्ये, त्याच माइकवर, तेवढ्याच लोकांसमोर त्याने उभं राहावं आणि सांगावं, की ते फंक्शन कुणी लिहिलं आणि शाल घेताना आपलं तोंड का उघडलं नाही.